वईतला पाहुणा

डिसेंबरात आमच्या फिनलंडच्या घरी सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि अडीचच्या आत मावळतो. तेवढ्या पाच तासांत जे काही बघायचं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून. खिडकीबाहेर बर्चच्या फांदीला सूर्यफुलाच्या बियांची नळी टांगलेली असते, शेजारी चरबीचे गोळे. उणे वीसमध्ये तिथे पिवळ्या पोटाची वल्गुली पाखरं येतात, तांबड्या छातीचे गुबगुबीत बुलफिंच येतात, हिवाळ्यासाठी करडा कोट चढवलेली खार येते. नाताळात इथली जुनी माणसं ओटची पेंढी काठीला बांधून पाखरांसाठी अंगणात उभी करतात. आम्हीही करतो. बर्फावर रात्री कोण येऊन गेलं ते सकाळी पावलांवरून वाचायचं, हा पोरांचा शाळेआधीचा रोजचा उद्योग. एकदा एल्कची, म्हणजे इथल्या थोराड हरणाची, पावलं थेट पायरीपर्यंत आली होती.

आमचं गाव योएन्सू शहरापासून पाऊण तासावर, फिनलंडच्या पूर्वेला. तिथून रशियाची सरहद्द लांब नाही. सीमाभागात जन्मले आणि नशिबाने पुन्हा सीमेजवळच घर मिळालं.

या डिसेंबरात चार वर्षांनी तीन आठवडे माहेरी जाता आलं. माहेर बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, जांबोटी सोडून कणकुंबीकडे निघालं की आत वळणाऱ्या रस्त्यावर. मलप्रभा जिथे उगम पावते तो सगळा ओला, डोंगराळ मुलूख. पहिल्या सकाळी सोप्यातून बाहेर आले तर पडवीपुढे धुकं आणि तुळशीकट्ट्यावर दव. पोरं स्वेटर न घालताच परड्यात हिंडत होती आणि आई मागून ओरडत होती, "थंडी बाधंल गं पोरांस्नी!" पारा बारा-तेरावर असेल. पोरांना तो उन्हाळा वाटत होता.

धाकटीने आजीला विचारलं, "आज्जी, पाखरांना खायला कुठं घालता?"

आई भाकरी थापता थापता थांबली. "त्यास्नी कशाला घालायचं बाळ? तीच आमचं खातात की!"

पोरीला ते कळलं नाही. मला कळलं, आणि पुढचे तीन आठवडे मी त्याच एका वाक्याभोवती फिरत राहिले.

डिसेंबर म्हणजे आमच्याकडे सुगीचा शेवट. भात कापून उडव्या रचून झालेल्या, मळणी चालू. भातवडात मसूर आणि वाटाणा पेरलेला, तो नुकता वर आलेला. याच दिवसांत गवे जंगलातून खाली उतरतात. रानडुकरं तर बारमाही. दांडेलीच्या बाजूने हत्तीही येतात, पण यंदा ते आमच्या शिवारात फिरकले नव्हते. घरात तीन जणांची जेवणं लवकर व्हायची आणि आप्पा, काका आणि शेजारचा एक जण घोंगडी घेऊन जागलीला निघायचे. आप्पांचं वय बहात्तर. मी म्हणाले, "आप्पा, तुम्ही नका जाऊ आता." ते म्हणाले, "घरात झोप कुठं येत्या? तिकडं निदान काम तरी असतंय."

पोरगा अकरा वर्षांचा. फिनलंडमध्ये तो पक्ष्यांची वही ठेवतो, दुर्बीण गळ्यात असते. त्याने आज्जाला गळ घातली आणि चौथ्या रात्री आम्ही दोघं माळ्यावर गेलो. माळा म्हणजे चार खांबांवर बांबू टाकून वर गवताचं छप्पर. खाली शेकोटी, बाजूला बडवायला तेलाचा रिकामा डबा. आकाश इतकं भरलेलं की पोरगा आधी अर्धा तास वरच बघत बसला. मग भेकर भुंकलं. त्याला वाटलं कुत्रं. आप्पा म्हणाले, "भेकर ते. कायतरी बगितलंय त्यानं. आता गप बस."

आम्ही गप बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला काही दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. आप्पा मात्र हळूच म्हणाले, "आले." मी विचारलं, कशावरून? "वास की." आणि खरंच, वारा फिरला तसा गोठ्यासारखा पण जास्त उग्र असा वास आला. मग अंधाराचाच एक तुकडा हलल्यासारखं झालं. आधी दिसले पाय. गव्याच्या चारही पायांना गुडघ्याखाली पांढरे मोजे असतात, तेवढेच चांदण्यात हलत होते. एक, दोन, चार, सात. मधे एक वासरू. मसुराच्या पट्टीत ते शांतपणे चरत होते. ओढण्याचा, चावण्याचा आवाज स्पष्ट येत होता.

पोरगा माझा हात घट्ट धरून होता. त्याने आयुष्यात एवढं मोठं जनावर मोकळं बघितलं नव्हतं. मोठा नर सहज आठशे-हजार किलोचा असतो, हे त्याला वहीतून माहीत होतं. पण वजन कानांनी ऐकणं वेगळं. त्याला वाटत होतं ते तसेच राहावेत, आणि मला कळत होतं की प्रत्येक घासागणिक आप्पांचा मसूर जातोय. आप्पांनी दोन-तीन मिनिटं त्याला बघू दिलं. नातवासाठी दिलेली ती दोन-तीन मिनिटं किती किमतीची होती ते मी पुढच्या सकाळी मोजलं. मग त्यांनी डबा बडवला आणि हाळी दिली, "होऽऽ होऽऽ! जावा आता, जावा घरला!" शिवी नाही, दगड नाही. बॅटरी लावली तीही जमिनीवर. पोरग्याला म्हणाले, "डोळ्यावर उजेड मारायचा न्हाई. बुजलं तर अंगावर येतंय. त्याला वाट ठेवायची." गवे वळले आणि आले तसे गेले.

सकाळी बघितलं तर दोन गुंठ्यांवर तुडवण. भरपाई मिळते, त्यासाठी अर्ज लागतो, पंचनामा लागतो. अर्ज कन्नडमध्ये. आप्पांचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं, म्हणून शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा भरून देतो आणि आप्पा सही मराठीत करतात. पैसे येतील तेव्हा येतील. मी विचारलं, "राग येत नाही?" ते म्हणाले, "येतो की. खरं तो पण हितलाच." आमच्याकडे 'पण' म्हणायचं तिथे 'खरं' म्हणतात. त्या वाक्यात दोन्ही अर्थ बसले असं मला वाटलं.

फिनलंडमध्ये जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी घरोघरी अंगणातले पक्षी मोजतात. २००६ पासून हे चालू आहे. नियम सोपा: सलग एक तास बसायचं आणि प्रत्येक जातीचे एका वेळी जास्तीत जास्त जेवढे दिसले तेवढाच आकडा लिहायचा. आमची दरवर्षी आठ-नऊ जातींवर गाडी थांबते. पोरांनी ठरवलं, आज्जाच्या पडवीतही मोजायचं. सकाळी सात ते आठ. शिपाई बुलबुल, दयाळ, कोतवाल, वेडे राघू, शिंजीर, भारद्वाज, जंगली मैना, शेवग्यावर पोपटांचा थवा, ओढ्याच्या दगडावर शेपूट हलवत करडा धोबी. पावणेआठला डोक्यावरून धनेशाची जोडी गेली, पंखांचा झपकारा घरात आईलाही ऐकू गेला. तासाभरात सत्तावीस जाती. आप्पा चहा पीत बाजूला बसले होते. तास संपल्यावर म्हणाले, "रानकोंबडा न्हाई लिहिला? तांबट? त्यो सुतार?" पोरं म्हणाली, दिसले नाहीत. "दिसायला कशाला पायजे? बोलले की." मग पोरांनी आज्जासाठी वहीत वेगळं पान केलं, नुसत्या ऐकलेल्यांचं. त्या पानावर आणखी नऊ नावं आली, त्यातली चार माझ्या कानांवरून सरळ निघून गेली होती.

दहावं नाव त्या पानावर मी लिहिलं, आणि ते लिहिताना माझा हात कापत होता.

न्हाणीच्या मागे सांडपाणी जातं तिथे घाणेरी आणि मोगली एरंडाची वई, म्हणजे झुडपांचं कुंपण, आहे. दाट, वर्षानुवर्षांची. संध्याकाळी मी तिथे भांडी आणायला गेले तर आतून आवाज आला, चक्... चक्... दोन दगड हलके आपटावेत तसा. थांबले. पानं हलली आणि क्षणभर दिसला: मातकट, साधा, चिमणीहून बारीक, डोळ्यापुढे फिकट रेघ. दुर्बीण आणून पुन्हा उभी राहिले. अर्ध्या तासाने पुन्हा दिसला. ब्लिथचा वटवट्या.

आता हे नाव तुम्हाला सांगून काही वाटणार नाही, म्हणून आधी जूनमधली फिनलंडची रात्र सांगते. तेव्हा अकरा वाजताही बाहेर वाचता येतं. आमच्या शेजारच्या आजी पहिल्या वर्षी मला रात्री बारा वाजता हाताला धरून रस्त्याकडेच्या झुडपापाशी घेऊन गेल्या. आत कुणीतरी गात होतं. एक सूर घ्यायचा, तो दोनदा, तीनदा, पाचदा घोळवायचा, मग दुसरा. मधेच दुसऱ्या पक्ष्यांची हुबेहूब नक्कल. तासन्‌तास. आजींनी सांगितलं, हा भारतातून येतो. गेल्या शतकात पूर्वेकडून पसरत तो फिनलंडला पोचला. बाकीची बरीच गाणारी पाखरं हिवाळ्यात आफ्रिकेकडे जातात, हा मात्र आग्नेयेला वळतो आणि भारताची वाट धरतो. वजन दहा-बारा ग्रॅम. त्याला शास्त्रीय नाव दिलं तेही कोलकात्यात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लिथने, १८४९ साली. त्या लॅटिन नावाचा अर्थ झुडपांतला, एवढाच. परदेशातलं पहिलं वर्ष होतं. मी त्या झुडपासमोर उभी राहून रडले होते, आणि आजी काही न विचारता शेजारी उभ्या राहिल्या होत्या.

तेव्हापासून दर मेअखेरीस मी त्याची वाट बघते. पण तो हिवाळ्यात नक्की कुठे असतो, हे मी कधी मनाशी नीट विचारलंच नव्हतं. भारत म्हणजे एवढा मोठा देश. आमच्या न्हाणीमागे, हे कसं सुचावं?

आप्पांना बोलावलं. "हे कोण माहीत आहे?"

"त्ये व्हय? दसऱ्याच्या आसपास येतंय. सांजच्याला हितंच टकटक करतंय. तुझ्या लहानपणापासनं हाय की."

"नाव काय त्याचं?"

"नाव कोण ठेवतंय त्याला?"

लहानपणापासून. मी त्याच वईजवळ भांडी घासली, अभ्यास केला, भावाशी भांडले. तो आत होता. फिनलंडच्या झुडपातला तोच पक्षी इथे आला असं मी म्हणत नाही, ते कळायला पायात कडं घालावं लागतं. पण जात तीच. सहा हजार किलोमीटरहून जास्त अंतर, वाटेत वाळवंटं आणि डोंगर.

आम्ही सगळे त्या संध्याकाळी न्हाणीमागे उभे होतो. आईसुद्धा पदराला हात पुसत आली. मी मोबाइलवर जूनमधलं गाणं ऐकवलं. आप्पांनी दोनदा ऐकलं.

"ह्यो असा गातोय तिकडं? हितं तर नुसतंच टकटक."

"तिकडं त्याची पिल्लं होतात. म्हणून गातो."

"किती दिवस असतोय तिकडं?"

"मेअखेरीला येतो आणि ऑगस्टात निघतो. तीन महिने धरा."

"आणि हितं दसऱ्यापासनं शिमगा संपून वर." त्यांनी बोटांवर मोजलं. "सहा-सात महिने. मग त्याचं घर कुठलं म्हणायचं?"

कुणी बोललं नाही. आईने माझ्याकडे बघितलं आणि चुलीकडे गेली.

बाकीचं थोडक्यात. एक दिवस गोकाकला जाऊन आलो. धबधब्याला हिवाळ्यात पाणी नसतं, पण धूपदाळच्या बंधाऱ्यावर घटप्रभा पक्षी अभयारण्यात चित्रबलाक भरपूर दिसले. करकोचे त्या दिवशी नव्हते, त्यासाठी पुन्हा जायचंय. पोरांनी वाटेत करदंट खाल्लं. भीमगडाच्या जंगलाच्या कडेकडेनेही हिंडलो. २०११ मध्ये ते अभयारण्य झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटर. तिथल्या बारापेडे गुहेत राहणारं एक मोठ्या कानांचं वटवाघूळ १९१३ साली जगासमोर आलं आणि पुढे कित्येक वर्षं जगात फक्त तिथेच सापडतं असं मानलं जायचं. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही मिळालं. गुहेत जायचं नाहीच, त्यांना त्रास होतो. पोरग्याने लांबून डोंगराचं चित्र काढलं.

निघायच्या आदल्या दिवशी काकांनी वई छाटायला कोयता काढला होता. दरवर्षी मळणीनंतर थोडी साफसफाई असते. आप्पांनी त्यांना थांबवलं. "पाठीमागची र्‍हाऊदे. शिमग्यानंतर बगू."

आता फेब्रुवारी आहे. मी हे लिहितेय तेव्हा बाहेर उणे अठरा आहे आणि नळीवर तीन वल्गुली आहेत. रविवारी फोन केला की आधी पोरं आज्जाला गव्यांचं विचारतात, मग आप्पा फोन घेऊन न्हाणीमागे जातात. तिथे रेंज कमी. आवाज तुटतो, कोंबडी ओरडते, लांबून कुणाचा तरी ट्रॅक्टर जातो. आम्ही चौघं इथे टेबलावर फोन ठेवून श्वास धरून बसतो.

काल बराच वेळ काहीच आलं नाही. मग आप्पाच म्हणाले, "थांब जरा, आई भांडी घासत्या. पाण्याचा आवाज आला की बोलतोय त्यो."