तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या प्रिंटरला कुठला फाइन आर्ट कागद?

नवा फोटो प्रिंटर घरी आला की महिन्याभरात फोन येतोच: "फाइन आर्ट कागद कुठला घेऊ?" म्हणजे फोटो चित्रासारखा छापून टांगायचा जाड, टिकाऊ कागद. समोरच्याला एक नाव हवं असतं, आणि मी उलट विचारत बसतो. शाई कुठली? फोटो कसला? वर काच लावणार का?

शाईपासून सुरुवात करायची, कारण बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. आपल्याकडे घरोघरी दिसतो तो एप्सनचा टाकीवाला सहा रंगी, एल८०५० किंवा त्याचा मोठा भाऊ एल१८०५०. त्यात डाय शाई असते, म्हणजे द्रवात विरघळलेला रंग. एप्सनच्याच पी७०० किंवा कॅननच्या प्रो-३०० मध्ये पिगमेंट, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची शाई असते, आणि मॅट (बिनचमकेच्या) कागदासाठी वेगळी मॅट काळी शाईही. हानेम्यूले या जर्मन कंपनीचा फोटो रॅग म्हणजे चौरस मीटरला ३०८ ग्रॅमचा, शंभर टक्के सुती, मॅट कागद. सगळे नाव घेतात तो हाच, आणि तो पिगमेंटवर खुलतो. डाय शाईवर त्याचा काळा कोळशासारखा करडा पडतो, शिवाय कागद पिढ्यान्‌पिढ्या टिकणार आणि शाई त्याच्या कितीतरी आधी उडणार. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. टाकीवाल्यांनी बरायटा (तो काय ते पुढे सांगतो) किंवा चांगला लस्टर, म्हणजे हलक्या चमकेचा फोटो कागद घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता फोटो. बरायटात शाई धरणाऱ्या थराखाली बेरियम सल्फेटचा लेप असतो. डार्करूमच्या जमान्यातल्या फायबर कागदाची ती हलकी चमक त्यातूनच येते. काळेपणा मोजणारा डेन्सिटोमीटर लावला (आकडा मोठा तितका काळा गडद) तर मॅटचा काळा साधारण १.६-१.७ वर थांबतो, बरायटाचा २.२ च्या पुढे जातो. रात्रीची मिरवणूक, पलित्यांचा उजेड, मागे मिट्ट काळोख असा फोटो मॅटवर काढलात तर सावल्या एकमेकींत मिसळून चिखल होतो. उलट श्रावणातला हरिश्चंद्रगड, धुक्यात अर्धवट बुडालेली कोकणकड्याची धार, असल्या फोटोत गडद काळा नसतोच मुळी. तिथे सुती मॅट घ्या, धुकं कागदातूनच उगवल्यासारखं दिसतं. पण काचेमागे फ्रेम करणार असाल तर हा पोताचा फरक हातभर अंतरावरून जवळपास दिसेनासा होतो. मग तेवढ्यासाठी महागडा कागद कशाला?

पांढरेपणाला भुलू नका. झगझगीत पांढऱ्या कागदात बहुधा ब्राइटनर घातलेले असतात, म्हणजे अतिनील (यूव्ही) प्रकाशात निळसर चमकून कागद जास्त पांढरा दाखवणारी रसायनं. नोटा तपासायचा निळा दिवा अंधारात कागदावर धरा, ब्राइटनर असले तर कागद निळसर चमकतो. ही चमक काही वर्षांत ओसरते आणि कागद पिवळट वाटू लागतो. यूव्ही अडवणारी काच लावली तर पहिल्याच दिवशी. कॅन्सन कंपनीचा रॅग फोटोग्राफिक किंवा प्लॅटिन फायबर रॅग ब्राइटनरशिवायचे आहेत, सुरुवातीपासूनच किंचित उबदार.

पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद चालेल का, असंही हमखास विचारतात. कागद देखणा आहे, पण त्यावर प्रिंटरची शाई धरून ठेवणारा इंकजेटचा लेप नसतो. शाई तंतूंमधून पसरते, रंग मरतात. पत्रिका, शुभेच्छापत्रं झकास होतील, फोटो नाही.

कागद मागवायच्या आधी दोन गोष्टी बघा. कागदाच्या कंपनीच्या साइटवर तुमच्याच मॉडेलचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग बरोबर उमटावेत म्हणून लावायची फाइल) आहे का? टाकीवाल्या प्रिंटरांची बऱ्याचदा नसतात. आणि प्रिंटरच्या मॅन्युअलमध्ये किती ग्रॅमपर्यंतचा कागद चालतो म्हटलंय? जाड कागद एकेक करूनच घालायचा. पावसाळ्यात तो दमट हवेने वाकतो, उचललेली कड शाई सोडणाऱ्या हेडला घासते आणि कडेला काळे ओरखडे उठतात. म्हणून पाकीट लागेल तेवढंच उघडायचं, पान उलट्या बाजूला हलकं वाकवून सपाट करायचं, आणि सुती कागद असेल तर मऊ ब्रशने झटकायचा. नाहीतर सुटा धागा शाईखाली बसतो, नंतर गळून पडतो आणि आकाशात पांढरा ठिपका राहतो. लेपाची बाजू कळत नसेल तर ओलसर बोटाने कोपरा चिमटीत धरा, चिकटते ती बाजू छापायची.

नाव हवंच असेल तर माझ्या कपाटात दोनच असतात: एक सुती मॅट, एक बरायटा. तुम्ही आधी नमुन्यांचं मिश्र पाकीट घ्या. एकच फोटो, शक्यतो चेहरा आणि गडद सावली दोन्ही असलेला, सगळ्या पानांवर छोटा छापा, प्रत्येक कागदाला त्याचंच प्रोफाइल लावून. लगेच निवाडा करू नका, शाई वाळताना रंग थोडे सरकतात. दुसऱ्या दिवशी जिथे टांगणार त्याच भिंतीपाशी, त्याच दिव्याखाली बघा. फ्रेमची घाई तर मुळीच नको. पुरतं न वाळलेलं प्रिंट काचेमागे कोंडलं की काचेवर आतून धुरकट थर चढतो.