चार धरणे, एक पान: आर भाषेतील एकत्रित आलेख

पावसाळा सुरू झाला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांच्या उपयुक्त पाणीसाठ्याचे आकडे ठळकपणे छापून येतात. ते टिपून ठेवून आर या सांख्यिकी भाषेत त्यांचे आलेख काढण्याची मला जुनी सवय आहे. चार आलेख एका पानावर आणणे तिथे अगदी सोपे आहे; 'पार' या फंक्शनमध्ये 'एमएफरो'ला दोन ओळी आणि दोन स्तंभ सांगितले, की पुढचे चार आलेख आपोआप आपापल्या चौकटीत जाऊन बसतात. खरा विचार त्यानंतर करावा लागतो, कारण शेजारी ठेवलेल्या आलेखांची तुलना वाचक करणारच, आणि ती तुलना खरी ठरेल की फसवी, हे उभ्या अक्षाच्या मापावर अवलंबून असते.

आरचे मूळ 'प्लॉट' फंक्शन प्रत्येक आलेखाचा अक्ष त्या त्या आकड्यांवरून ठरवते. वरसगावची क्षमता १२.८२ टीएमसी (अब्ज घनफूट), पानशेतची १०.६५, टेमघरची ३.७१ आणि खडकवासल्याची अवघी १.९७ टीएमसी आहे. चारही धरणांना स्वतंत्र अक्ष मिळाला, की जुलैत चारही रेषा सारख्याच दिमाखात वर चढताना दिसतात; काठोकाठ भरलेल्या खडकवासल्यातले पाणी वरसगावच्या सुमारे १५ टक्केच भरते, ही गोष्ट चित्रातून पुसली जाते. उभ्या अक्षाची मर्यादा ठरवणारे 'वायलिम' चारही ठिकाणी शून्य ते १३ असे दिले तर प्रमाण लगेच कळते, पण मग खडकवासल्याची रेषा तळाला चिकटते. वरच्या तिन्ही धरणांतून सोडलेले पाणी खडकवासल्यातच येते आणि तिथून ते कालव्यात व मुठा नदीत सोडले जाते. म्हणजे ज्या रेषेतले चढउतार सर्वांत बोलके, नेमकी तीच सपाट होते. टक्केवारी घेतली की चढउतार परत येतात, मात्र वरसगावचा एक टक्का खडकवासल्याच्या साडेसहा टक्क्यांएवढा आहे, हे वाचकाला दिसत नाही. माझे मत असे, की शहरासाठी एकूण किती पाणी आहे हे सांगायचे असेल तर टीएमसीचा समान अक्ष घ्यावा, कोणते धरण कधी भरले हे सांगायचे असेल तर टक्केवारी घ्यावी, आणि स्वतंत्र अक्ष ठेवलेच तर तसे शीर्षकातच स्पष्ट लिहावे.

मांडणीही अर्थ बदलते. दोन गुणिले दोनच्या चौकटीत तारखा एकाखाली एक येतात त्या फक्त जोडीजोडीने. चारही आलेख एकाच स्तंभात रचले, वरची धरणे आधी आणि खडकवासला शेवटी, तर मुसळधार पावसाच्या एखाद्या दिवशी सर्व रेषा कशा वळल्या हे नजर सरळ खाली नेताच कळते. अशा वेळी समासांकडे लक्ष द्यावे लागते. आर प्रत्येक आलेखाला खाली ५.१ आणि वर ४.१ ओळींचा समास देते, त्यामुळे पान लहान असेल तर समास फार मोठे असल्याची तक्रार करून ती थांबते. हा समास ठरवणारे 'मार' कमी करावे, सामाईक शीर्षकासाठी 'ओमा'ने बाहेरचा समास राखावा आणि तारखा फक्त सर्वांत खालच्या आलेखाला द्याव्यात. आलेखांच्या तीन किंवा अधिक ओळी असल्या की अक्षरांचा आकारही आपोआप ०.६६ पट होतो. छापायचे असेल तर अक्षरांचा आकार ठरवणारे 'सीईएक्स' (cex) हे मूल्य नंतर पुन्हा वाढवणे मला आवश्यक वाटते.

जीजीप्लॉट२ या आरच्या आलेखांच्या पॅकेजमधले, आलेख चौकटींत विभागणारे 'फॅसेट रॅप' मात्र आपण वेगळे सांगेपर्यंत सर्व चौकटींना समान अक्ष देते, आणि हा निर्णय मला मनापासून पटतो. स्वतंत्र उभा अक्ष हवा असेल तर 'फ्री वाय' असे मुद्दाम लिहावे लागते, त्यामुळे तो निवडताना माणूस एकदा तरी विचार करतो. चौकटींचा क्रम ते वर्णानुक्रमे लावते. प्रवाहाचा क्रम हवा असेल तर धरणांची नावे 'फॅक्टर' (ठरावीक गटांचा प्रकार) करून पातळ्या, म्हणजे गटांचा क्रम, स्वतः द्याव्यात. पावसाचा स्तंभालेख वर आणि साठ्याच्या रेषा खाली, असे दोन वेगळ्या जातींचे आलेख जोडायचे असतील तर 'पॅचवर्क' हे पॅकेज उत्तम.

धरणांची नावे देवनागरीत ठेवायची असतील तर आरच्या नेहमीच्या 'पीडीएफ' फंक्शनने फाइल काढू नये, कारण अक्षरांच्या जागी टिंबे उमटतात. चित्राची फाइल चालणार असेल तर 'रॅग' पॅकेज वापरावे. संगणकावर देवनागरी फाँट असला की वेलांट्या आणि जोडाक्षरे जागच्या जागी येतात.