६ आणि ८ मिलिमीटरच्या मधली जागा: वाकवण्याच्या सरावासाठी गज आणताना आणि कापताना

लोखंडाच्या दुकानात माल वजनावर मिळतो. ताकदीचा सराव म्हणून नुसत्या हातांनी लोखंडी गज वाकवणाऱ्याला मात्र वजनाशी काही देणंघेणं नसतं, त्याला हवा असतो विरोध: आजच्यापेक्षा जरासा जास्त, आणि पुढच्या वेळी त्याहून जरासा जास्त. ही पायरी कुठलाच दुकानदार तयार ठेवत नाही. ती खरेदी, मोजणी आणि कापणी यांतून आपल्यालाच पाडावी लागते. पुण्यात भवानी पेठेतून आणि भोसरीतून माल आणून ती कशी पाडली, ते इथे सविस्तर देतो.

अडचण कुठे आहे ते आधी आकड्यांत पाहू. गोल गज वाकायला लागणारा जोर व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ चा घन २१६ आणि ८ चा ५१२. म्हणजे माल एकाच प्रतीचा असला तरी ८ मिमीचा गज ६ मिमीच्या जवळजवळ २.४ पट कठीण. १० मिमीचा तर ४.६ पट. दुकानातल्या रॅकवर हे गज शेजारीशेजारी असतात, पण हातांच्या दृष्टीने त्यांच्यात कित्येक महिन्यांचं अंतर असतं. ६ चा गज लीलया वाकवणारा ८ च्या गजावर नुसता लाल होतो आणि सराव सोडतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

अमेरिकेत या प्रकारातली ओळखीची कसोटी म्हणजे आयर्नमाइंड या ताकदीच्या सरावाची साधनं विकणाऱ्या कंपनीचा ‘रेड नेल’: ५/१६ इंच जाडीचा, ७ इंच लांबीचा कोल्ड रोल्ड गज. आपल्या मापात ७.९४ मिमी आणि १७८ मिमी. आपल्याकडचा ८ मिमीचा ब्राइट बार, म्हणजे थंड ओढलेला चकचकीत गज, याच लांबीला कापला, तर निव्वळ जाडीच्या हिशोबाने तो जेमतेम दोन टक्के कठीण पडतो. म्हणून १७८ मिमी ही मी मूळ लांबी धरली आहे.

आता माल. दुकानात नुसतं ‘एमएस राउंड’ (माइल्ड स्टीलचा, म्हणजे मऊ पोलादाचा गोल गज) म्हटलं की काळा बार पुढे येतो. हा गरम रोलिंगचा, अंगावर काळी खपली असलेला. तोच गज थंड अवस्थेत डायमधून ओढला की चकचकीत होतो, मापात येतो आणि कडकही होतो. तो ब्राइट बार. एकाच व्यासाच्या काळ्या आणि ब्राइट गजात मला साधारण दीडपटीच्या आसपास फरक जाणवतो. इथेच ६ आणि ८ च्या मधल्या पहिल्या दोन पायऱ्या सापडतात. ६ काळा म्हणजे १ धरला तर ६ ब्राइट साधारण १.४, पाव इंची म्हणजे ६.३५ ब्राइट १.६५, ८ काळा २.४ आणि ८ ब्राइट ३.३ च्या पुढे. ७ मिमीचा ब्राइट मिळाला तर तो ६.३५ ब्राइट आणि ८ काळा यांच्या मधोमध नाही, ८ काळ्याच्या जवळ, २.२ ला बसतो. तो दिसेल तिथे चार गज उचलावेत, कारण दर वेळी मिळतोच असं नाही.

सुताच्या भाषेत मात्र माल मागू नका. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा ‘दोन सूत’ म्हणजे ६.३५ मिमी. पण दोन सूत मागितल्यावर ६ मिमीचाही गज येतो आणि ६.३५ चाही, कारण काउंटरवर दोन्ही दोन सूतच. वाकवताना यांच्यात साडेअठरा टक्क्यांचा फरक आहे. तसंच अडीच सूत आणि ८ मिमीचं. मिलिमीटर सांगा आणि खिशातून जाडी मोजायचं व्हर्नियर काढा.

व्हर्नियर ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे, टेपपेक्षा कितीतरी जास्त. काळा बार नावाला ८ असतो. मी मोजलेल्या गजांत ७.७ ही निघाला आणि ८.३ ही. या दोघांच्या घनात पंचवीस टक्के फरक पडतो. एका ढिगातला एक गज वाकतो, दुसरा हलतही नाही, आणि माणूस आपल्या झोपेला किंवा जेवणाला दोष देत बसतो. प्रत्येक गज दोन्ही टोकांशी आणि मधे मोजा, आणि प्रत्येक जागी काटकोनात दोनदा, कारण काळा बार थोडा लंबगोलही असतो. ब्राइट बारला हा त्रास जवळपास नाही.

जास्त गज घेत असाल तर वजनकाटाच व्हर्नियरचं काम करतो. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरमागे किलो. ८ मिमीचं ०.३९५ किलो, सहा मीटरच्या गजाचं २.३७ किलो. दहा गजांचं वजन २३.७ च्या जागी २२ भरलं, तर सरासरी व्यास ७.७ आहे हे तिथेच कळतं. पैसे वजनाचेच द्यायचे असल्याने यात फसवणूक नाही. फक्त आपल्याला हवा तो गज हा नव्हे.

काय घेऊ नये तेही सांगतो. बांधकामातली टीएमटी सळई नको: अंगावरच्या कड्या हातात रुततात, आणि बाहेरचा थर कडक व गाभा मऊ असल्याने ८ ची टीएमटी साध्या ८ शी ताडून बघण्यात काही अर्थ नाही. आटे पाडलेला स्टड नको, आट्याच्या खाचेत तो तुटू शकतो. गॅल्व्हनाइज्ड नको, ग्राइंडरवर त्याचा जस्ताचा धूर निघतो आणि तो अंगाला बाधतो. बांधकामातल्या रिंगांसाठी गुंडाळीतून सरळ केलेली ६ मिमीची सळईही टाळावी. सरळ करताना ती आधीच एकदा वाकून उलटी वाकलेली असते, म्हणून एका बाजूला सोपी आणि दुसऱ्या बाजूला कठीण जाते.

ब्राइट घेताना प्रत विचारायलाच हवी. एमएसमध्ये कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो, ईएन-८ या जास्त कडक पोलादात ०.४ टक्क्याच्या आसपास. दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत. एका दुकानातून ८ मिमीचा ‘साधा ब्राइट’ म्हणून आणलेला गज ईएन-८ निघाला आणि त्याचे तेहतीस तुकडे कापून झाल्यावर ते कळलं. तेव्हापासून दुकानातच टोकावर ग्राइंडर टेकवून ठिणग्या पाहतो. एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ, थोड्याशाच फुटणाऱ्या. ईएन-८ च्या ठिणग्या जवळच फुटतात आणि फुलबाजीसारखे फाटे जास्त दिसतात. शेजारी खात्रीचा एमएसचा तुकडा धरून पाहिलं तर फरक लपत नाही. ईएन-८ वाईट नाही, तो पुढची पायरी आहे. फक्त नकळत हातात येऊ नये.

गज सहा मीटरचा असतो आणि टेम्पो नसेल तर दुकानातला माणूस हमखास विचारतो, “दादा, दुमडून देऊ का?” नाही म्हणायचं. दुमडलेल्या भागातले तुकडे वाया जातात. त्याऐवजी तिथेच कापून घ्यायचं, पण मनाला येईल तिथे नाही. १७८ चे आठ तुकडे म्हणजे १४२४ मिमी, मधल्या सात कापांत ग्राइंडरच्या पातळ चाकाने साधारण साडेआठ मिमी जातात, तेव्हा १४४० मिमीचे चार भाग मागायचे. उरलेल्या साधारण २४ सेंटिमीटरमधून आणखी एक तुकडा निघतो. एका गजाचे तेहतीस. तीन मीटरचे दोन भाग केले तर प्रत्येकी सोळाच निघतात आणि दोन्हींच्या टोकाला निकामी शेपूट राहतं.

घरी आणल्यावर लगेच सगळं कापायला बसू नये. आधी प्रत्येक गजाचा एक तुकडा तपासायचा. तुकडा वाईसमध्ये उभा घट्ट धरायचा, वर अर्ध्या इंची पाइप चढवायचा, वाईसच्या जबड्यापासून ३०० मिमीवर सामान तोलायचा डिजिटल काटा अडकवून पाइपला काटकोनात ओढायचं. गज वाकत राहतो तेव्हाचा आकडा टिपायचा. माझ्याकडे ८ मिमी काळा बार १० किलोच्या आसपास वाकतो, ८ ब्राइट १४ च्या आसपास. हे आकडे निरपेक्ष ताकदीचे नाहीत; वाईस, पाइपचा ढिलेपणा, ओढण्याचा कोन सगळं त्यात येतं. पण एकाच जुळणीवर एक गज दुसऱ्याशी ताडून पाहायला याहून चांगलं साधन घरात नाही. आकडा ऑइलपेंटने गजावरच लिहून टाकायचा.

लांबीबद्दल. हाताचा जोर अगदी टोकावर पडत नाही, टोकापासून साधारण २५ मिमी आत पडतो. म्हणून १७८ च्या तुकड्यात प्रत्येक बाजूची खरी तरफ ६४ मिमी, १५२ च्या तुकड्यात ५१. लांबी सातव्या हिश्शाने कमी झाली, पण लागणारा जोर पंचवीस टक्क्यांनी वाढला. हीच आपली दुसरी शिडी. एकाच गजातून २००, १९०, १७८, १६५, १५२ असे तुकडे कापले की मधल्या पायऱ्या हव्या तेवढ्या बारीक मिळतात. आणि कापण्यात किती काटेकोर राहायचं तेही यातूनच ठरतं: ३ मिमीची चूक म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास फरक. ८ च्या गजात ०.२ मिमी व्यास चुकला तर साडेसात टक्के. कापताना एक मिमी इकडेतिकडे चालतो, खरेदीत चालत नाही.

कापायची साधनं तीन. हेक्सॉ सर्वांत स्वस्त, आणि महिन्याला वीसपंचवीस तुकडे लागणाऱ्याला पुरेसा. ब्लेड इंचाला २४ दात्यांचं घ्यावं. १८ चं ६ मिमीच्या गजावर अडकून दाते तोडतं. दात्यांची तोंडं पुढे, फ्रेम ताठ, पुढे जाताना जोर आणि मागे येताना हलकं. घाईने ब्लेड तापतं आणि दाते मरतात.

बोल्ट कटर झटपट, पण ८ साठी किमान २४ इंची लागतो, आणि तो कापत नाही, चिमटतो. टोक छिन्नीसारखं धारदार राहतं. तशा टोकाने तळहाताच्या गादीवर जोर दिला तर पकडीसाठी टोकाला गुंडाळलेलं कापड किंवा चामडं फाडून आत जातं. कटरने कापलं तर घासायचं काम दुप्पट. ईएन-८ वर तर त्याच्या जबड्याला खाचा पडतात.

मी चार इंची ग्राइंडर आणि एक ते सव्वा मिमी जाडीचं कटिंग व्हील वापरतो. चाकावर छापलेला फेऱ्यांचा आकडा ग्राइंडरच्या आकड्यापेक्षा जास्त असायला हवा, आणि मधल्या धातूच्या कडीवरची मुदत संपलेली नसावी. गार्ड काढून पाच इंची चाक बसवणारे लोक पाहिले आहेत. तसं कधीही करू नये. गॉगल, सुती कपडे, ठिणग्यांच्या वाटेत रद्दी किंवा थिनर नको. वाईसच्या बाहेर राहणारं टोक मोकळं लोंबू द्यायचं. दोन्ही बाजूंनी आधार दिला तर काप शेवटाला मिटतो, चाक चिमटलं जातं आणि फुटतं. गजांची जुडी एकत्र कापायचा मोह होतो, पण गोल गज जुडीत फिरतात. आतला एक जरी फिरला तरी चाक गेलं.

मापासाठी प्रत्येक वेळी टेप लावू नये. २५ बाय २५ च्या अँगलचा फूटभर तुकडा घेऊन त्याच्या एका टोकाला बोल्टने पट्टी बसवायची आणि १७८ वर खाच पाडायची. गज अँगलच्या कुशीत ठेवायचा, पट्टीला टेकवायचा, खाचेपाशी कापायचा. गजावर आधीच सगळ्या खुणा करून ठेवल्या तर प्रत्येक कापाची जाडी कुणाच्या तरी हिश्शातून जाते आणि तुकडे एकसारखे येत नाहीत.

कापलेलं टोक कानशीने गोल करायचं. कडेवरून सगळीकडे एक मिमीचा उतार, मग बोट फिरवून पाहायचं. बोटाला ओरखडा जाणवला तर अजून घासायचं. तेहतीस तुकड्यांची सहासष्ट टोकं घासायचा कंटाळा येतो, पण हेच टोक अंगठ्याच्या मुळाशी पूर्ण ताकदीने दाबलं जाणार आहे. टोक निळं पडलं तर घाबरायचं कारण नाही. वाकायचं आहे ते मधे, आणि तिथे ग्राइंडरची उष्णता पोचत नाही. मात्र ईएन-८ चं लाल टोक पाण्यात बुडवू नये, ते कडक होऊन त्याचा टवका उडू शकतो.

ब्राइट बार तेलकट येतो. रॉकेलच्या फडक्याने आणि मग साबणाने पुसल्याशिवाय हातात घेऊ नये, गुंडाळलेलं चामडं त्यावर घसरतं. पुसल्यावर पावसाळ्यात दोन दिवसांत गंज धरतो, म्हणून आठवड्याला लागतील तेवढेच तुकडे पुसायचे. बाकी तेलाच्या कागदात. तुकड्यांच्या टोकाला रंगाचा ठिपका द्यायचा: माझ्याकडे काळ्या बारला पांढरा, ब्राइटला पिवळा, ईएन-८ ला लाल. डब्यावर व्यास, लांबी आणि वाईसवरचा आकडा.

ज्याला अजून कापाकापीच करायची नाही, त्याने सहा इंची खिळ्यांपासून सुरुवात करावी. ते किलोवर मिळतात, सहा गेजचा खिळा ४.८८ मिमीचा असतो आणि ओढलेल्या तारेचा असल्याने जाडीच्या मानाने कडक. टोक तेवढं कापून बोथट करायचं.

वाकवलेला तुकडा सरळ करून पुन्हा वापरू नये. एकदा वाकल्यावर ती जागा कडक झालेली असते, सरळ करताना तिथे बारीक चिरा पडू शकतात, आणि असा तुकडा ऐन जोरात तुटला तर हात कुठे जाईल सांगता येत नाही. दोन टोकांत दोन इंच उरले की तुकडा संपला. मी ते गोणीत टाकतो, गोणी भरली की भंगारवाल्याकडे, आणि प्रत्येक गजाचा एकच वाकलेला तुकडा व्यास-आकड्यासह खिळ्याला टांगून ठेवतो, पुढच्या खरेदीच्या वेळी नव्या मालाशी ताडून बघायला.