भाडेकरूचं बिल आणि मालकाची भिंत

जर्मनीत भाड्याचं घर शोधायला लागलात की भाडं, डिपॉझिट, स्टेशन किती लांब वगैरे सगळं बघालच, पण त्याच्याबरोबर घराचा एनर्जीचा दाखला नक्की मागा. इथे त्याला एनर्जीआउसवाइस म्हणतात, आणि घर दाखवताना तो समोर ठेवणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. हिरव्यापासून लालपर्यंत एक पट्टी असते, ए प्लसपासून एचपर्यंत. ए प्लस म्हणजे वर्षाला दर चौरस मीटरमागे ३० युनिटच्या (किलोवॉट-तासांच्या) आत, आणि एच म्हणजे २५० च्या वर. आता ७० चौरस मीटरचा फ्लॅट धरून ढोबळ हिशोब करा, एकीकडे २१०० युनिट, दुसरीकडे साडेसतरा हजार! तोच हॉल, तेच बेडरूम, फरक सगळा भिंती, खिडक्या आणि हीटिंगचा. या दाखल्याचे दोन प्रकार असतात हेही लक्षात ठेवा. एक आधीच्या लोकांनी किती वापरलं त्यावरून काढतात आणि दुसरा इमारत कशी बांधलीय त्यावरून. दुसरा जास्त भरवशाचा, कारण आधीचे लोक दिवसभर बाहेर असतील तर पहिल्यावरचा आकडा उगाच छान दिसतो.

मी राहते ती बिल्डिंग १९६० च्या दशकातली. इथे इमारतींच्या उष्णता-बचतीचा पहिला नियम आला १९७७ मध्ये, १९७३ च्या तेलसंकटानंतर, त्यामुळे त्याच्या आधीच्या बऱ्याच इमारतींना इन्सुलेशन असं काही नव्हतंच. आमच्याकडे इन्सुलेशनचं काम निघालं तेव्हा अख्खा उन्हाळा बाहेर परांची बांधलेली होती. मिनरल वूलचे जाडजूड स्लॅब भिंतीला बाहेरून चिकटवायचे, वर मोठे डॉवेल, म्हणजे स्लॅब धरून ठेवणाऱ्या खुंट्या, ठोकायचे, मग जाळी आणि प्लास्टर. बाहेरूनच का, तर मूळ भिंत उबदार राहते आणि तिच्यावर आतून पाणी धरत नाही. खिडक्याही त्याच वेळी बदलल्या आणि हे फार महत्त्वाचं, कारण नुसत्या खिडक्या बदलून भिंती तशाच ठेवल्या तर घर हवाबंद होतं, भिंतीचे कोपरे थंडच राहतात आणि तिथे काळी बुरशी येते. म्हणून इथे सगळे सांगतात की खिडकी दिवसभर तिरकी करून (वरून थोडीशी उघडी) ठेवू नका, दिवसातून काही वेळा पाच-दहा मिनिटं सताड उघडा आणि बंद करा. दमट हवा निघून जाते पण भिंती थंड पडत नाहीत.

काम झाल्यावर ब्लोअर डोअर टेस्ट झाली, म्हणजे घरातून हवा कुठे गळते याची तपासणी, ती मला प्रचंड आवडली. मेन दाराच्या चौकटीत एक ताडपत्रीसारखं कापड ताणून बसवतात, त्यात पंखा असतो, तो घरातली हवा बाहेर ओढतो आणि आत-बाहेर ५० पास्कलचा फरक ठेवतो. मग घरभर फिरत हाताची मागची बाजू सॉकेटपाशी, खिडकीच्या सांध्यांपाशी न्यायची. आमच्याकडे खिडकीवरच्या शटरच्या पेटीतून एवढा झोत येत होता की पडदा हलत होता! मग ती पेटी सील करून घेतली. पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी कमी हीटिंगवर उबदार राहणारं घर, म्हणवून घ्यायचं तर या टेस्टमध्ये तासाला घरातल्या हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त गळती चालत नाही आणि हीटिंगची गरज वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटच्या आत लागते. असं पहिलं घर डार्मश्टाटच्या क्रानिखश्टाइन भागात १९९१ मध्ये उभं राहिलं.

अजून एक गोष्ट, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जुन्या बिल्डिंगमध्ये तळघरात एक बॉयलर आणि गरम पाणी पाइपातून सगळ्या रेडिएटरना (खोल्या गरम करणाऱ्या हीटरना) जातं. वरच्या मजल्यावर पाणी नीट पोचत नाही म्हणून कोणीतरी पंप वाढवून ठेवतो, तापमान वाढवतो, मग खालच्या मजल्यावरचे लोक उकडतं म्हणून जानेवारीत खिडक्या उघडतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक रेडिएटरचा व्हॉल्व्ह मोजून सेट करायचा, जेणेकरून ज्याला जेवढं पाणी लागतं तेवढंच जाईल. भिंतीच्या कामाच्या मानाने खर्च किरकोळ. माझ्या मते कुठल्याही बिल्डिंगने सुरुवात इथूनच करावी.

सरकारी इमारतींचं गणित तसं सरळ आहे. शाळा पालिकेची, बिल पालिकेचं आणि इमारत पुढची पन्नास वर्षं तिच्याकडेच, म्हणजे आज घातलेला पैसा तिलाच परत मिळणार. फ्रँकफर्टने २००७ मध्येच ठरवलं की पालिकेच्या नव्या इमारती पॅसिव्ह हाउस दर्जाच्या बांधायच्या, आणि तिथल्या होक्स्ट भागात याच दर्जाचं अख्खं हॉस्पिटल उभं राहिलंय. नाहीतर मग २०२२ सारखं होतं, गॅसची टंचाई आली आणि सरकारी ऑफिसांत १९ डिग्रीच्या वर हीटिंग करायचं नाही असा आदेश निघाला. त्या हिवाळ्यात काउंटरवरची माणसं जाड स्वेटर घालून बसायची. गरज होती, केलं, ठीक, पण माणसांना गारठवून केलेली बचत टिकत नाही, भिंतीने केलेली टिकते.

खरी अडचण भाड्याच्या घरांत आहे आणि इथे निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात. खर्च मालक करणार, बिल भाडेकरूचं कमी होणार, मग मालक कशाला हात घालेल? म्हणून कायद्याने त्याला मुभा दिलीय की सुधारणेच्या खर्चाचे ८ टक्के दरवर्षी भाड्यात लावायचे, सहा वर्षांत चौरस मीटरमागे महिन्याला जास्तीत जास्त ३ युरोपर्यंत. ऐकायला रास्त वाटतं, पण खर्च वसूल झाल्यावरही ती वाढ खाली येत नाही, हे मला अजिबात पटत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर पेन्शनवर राहणाऱ्या आजी आहेत, त्यांचं हीटिंग जेवढं वाचलं त्यापेक्षा भाडं जास्त वाढलं, आणि त्या सरळ म्हणतात की घर छान ऊबदार झालं पण मला परवडत नाही. ऊर्जा वाचवायची म्हणून म्हाताऱ्या माणसाला घर सोडायची वेळ येणार असेल तर त्या कामाला लोक विरोधच करणार.

उलट २०२३ पासूनचा नियम मला जास्त न्याय्य वाटतो. गॅस-तेलावर जो कार्बनचा कर लागतो तो आता मालक आणि भाडेकरूत वाटला जातो, आणि इमारत जितकी वाईट तितका मालकाचा वाटा मोठा, सगळ्यात वाईट इमारतीत ९५ टक्के मालकाचे, सगळ्यात चांगल्या इमारतीत सगळा भाडेकरूचा. कर अजून बिलाचा छोटा भागच आहे त्यामुळे मालक लगेच धावत सुटणार नाहीत, पण दिशा बरोबर आहे.

इथे राहणाऱ्यांना किंवा यायची तयारी करणाऱ्यांना एक सांगून ठेवते. असं काम निघालं की तीन महिने आधी मालकाचं पत्र येतं, ते नुसतं फाइलला लावू नका. त्यात सुधारणेच्या खर्चातून दुरुस्तीचा खर्च वजा केलाय का ते बघा, कारण कुजलेली खिडकी तशीही बदलावीच लागणार होती, तेवढे पैसे भाड्यात लावता येत नाहीत. आकडे समजले नाहीत तर भाडेकरू संघटनेची मेंबरशिप घ्या, ते पत्र तपासून देतात. आमच्या बिल्डिंगमधल्या काही जणांनी तपासून घेतलं आणि त्यांची वाढ कमी झाली.