छातीचा फोटो, एआयचा स्कोअर आणि मंगळसूत्राचे मणी

टीबीच्या शिबिरात छातीचा एक्स-रे निघतो, एआय तो वाचतं आणि स्क्रीनवर आकडा येतो: 0.62. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘62 टक्के टीबी आहे.’ नाही हो. ही टक्केवारी नव्हे. सॉफ्टवेअर ज्या टीबीच्या फोटोंवर शिकलं त्यांच्याशी हा फोटो किती जुळतो, एवढंच त्यातून कळतं. कितीच्या पुढे थुंकी तपासायला पाठवायची, ती सीमा म्हणजे कट-ऑफ, कार्यक्रम चालवणाऱ्यांनीच ठरवायची. एका कंपनीचा 0.62 दुसरीच्या 0.62 शी ताडून बघता येत नाही. त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली तरी कट-ऑफ पुन्हा तपासायचा.

समजा, 1,000 जणांत 10 टीबीचे आहेत. संवेदनशीलता (टीबी असलेल्यांपैकी किती पकडले जातात) 90 टक्के आणि विशिष्टता (टीबी नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले जातात) 70 टक्के धरली, तर 9 सापडतील आणि टीबी नसलेल्या 990 पैकी 297 जणही थुंकीच्या रांगेत येतील. म्हणजे थुंकीत टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या 306 नॅट चाचण्या. कट-ऑफ खाली आणला तर सुटलेला दहावाही कदाचित हाती लागेल, पण गोव्याहून आलेल्या ट्रूनॅट या नॅट यंत्राच्या चिपा आधीच संपतील.

मात्र निम्मा खेळ फोटो काढतानाच होतो. छाती डिटेक्टरला, म्हणजे एक्स-रे टिपणाऱ्या पाटीला टेकवा, हात कमरेवर, खांदे पुढे. नाहीतर खांद्याचं हाड फुप्फुसावर येतं. श्वास पूर्ण भरून रोखायला सांगा. अर्धवट श्वासात फुप्फुसाचा तळ दाटतो आणि स्कोअर उगाच चढतो. मंगळसूत्र, ताईत काढून ठेवा, वेणी वर बांधा. वेणीची सावली नेमकी फुप्फुसाच्या टोकावर पडते, आणि टीबीची आवडती जागाही तीच. व्ह्यू-बॉक्सवर (एक्स-रे बघायच्या उजेडाच्या पेटीवर) लावलेल्या फिल्मचा मोबाइलने फोटो काढून पाठवायचा प्रकार तर बंदच करावा. एक्स-रे यंत्रातून निघणारी मूळ डायकॉम फाइलच द्या.

जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचे व्रण स्कोअर चढवतात, म्हणून आधी उपचार झालेत का ते विचारून फॉर्मवर लिहा. दगडखाणीतल्या कामगारांच्या सिलिकोसिसचे (दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे) ठिपकेही वरच्याच भागात दिसतात, तिथेही हीच फसगत.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ही पद्धत मान्य केली ती 15 वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी. लहान मुलाचा फोटो डॉक्टरच वाचणार. आणि स्कोअर 0.08 आला, पण खोकला दोन आठवडे हटत नाही, वजन उतरतंय, तर थुंकीची डबी हातात द्यायचीच.