रुळेल का?

दुपारी फॉर्मवर 'शंका आहे'वर खूण केली, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

मुलाखतीच्या पॅनेलवर मला का बसवतात हे मला पक्कं ठाऊक आहे. कंपनीच्या वेबसाइटवर डायव्हर्सिटीच्या पानावरही मीच आहे, हसरी. 'काहीतरी रंगीत घालून ये' म्हणाले होते, म्हणून बांधणीची ओढणी. प्रमोशनच्या वेळी मात्र... जाऊ दे.

मुलगा सोलापूरचा. मागे लोखंडी कपाट, त्याला टांगलेलं कालनिर्णय. नव्या शर्टाच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. दर वाक्याला 'सर', मला 'मॅडम'. मध्येच कुकरची शिट्टी झाली, तसा बिचारा घाबरून म्यूट झाला आणि मिनिटभर तसाच बोलत राहिला. काम मात्र चोख. डेटाबेसवरचं उत्तर ऐकून आमचा हेड खूश.

शेवटचा रकाना, टीममध्ये रुळेल का? हेडने लिहिलं, हो. मी लिहिलं, शंका.

कसली शंका? शिट्टी त्याच्या घरात झाली, लाज मला इथे स्टुटगार्टात वाटली.

आणि मीच जेवताना तावातावाने सांगत असते, 2000 साली जर्मनीत आयटीवाल्यांसाठी ग्रीन कार्ड निघालं तेव्हा र्युटगर्स नावाच्या पुढाऱ्याच्या प्रचारात 'किंडर श्टाट इंडर' कसं गाजलं. भारतीय नकोत, आपली पोरं घ्या! त्याच वर्षी त्याच्याच पक्षाच्या मेर्त्सने 'लाइटकुल्टुर' काढलं, इथे राहायचं तर इथल्या वळणाने राहा. आता तो चान्सलर आहे. त्यांना भाषणं करावी लागली. माझं एका टिचकीत झालं.

नागरिकत्वाच्या परीक्षेत 33 प्रश्न असतात, 17 बरोबर आले की पास. मला 31 आले होते, पेढे वाटले होते. आजच्या परीक्षेत मात्र पैकीच्या पैकी.

आत्ता त्याचा मेल आलाय, 'रिस्पेक्टेड मॅडम'. उत्तरात लिहिलं, पुढच्या फेरीत 'सर' म्हणू नकोस, नावाने हाक मार. वाचलं. पुसलं. म्हणजे पुन्हा तेच की.

फॉर्म एकदा जमा केला की बदलता येत नाही. सकाळी हेडला गाठून शंका मागे घेते म्हणायचं. कारण विचारेलच, नियमाचा माणूस. सांगेन, श्नेलकोख्टोप्फ. कुकरला इथे असं म्हणतात, हे कळायला मला सहा वर्षं लागली होती.