खिम्यात पाणी जिरवायचं: तिआंजिनमधले घरचे ज्याओझ

घरचा ज्याओझ, म्हणजे सारण भरून पाण्यात उकडलेली छोटी चिनी करंजी, चावला की आतून गरम रस यायला हवा. तो नुसत्या चरबीने येत नाही. त्यासाठी कच्च्या खिम्यात पाणी जिरवावं लागतं, आणि माझ्या मते सगळं कसब त्यातच आहे. पारी थोडी वेडीवाकडी झाली तरी चालते, सारण कोरडं झालं तर मात्र काही उपाय नाही.

मी राहते ते तिआंजिन बीजिंगपासून वेगवान रेल्वेने अर्ध्या तासावर आहे. हा गव्हाचा मुलूख, त्यामुळे नूडल्स, वाफवलेले पाव आणि ज्याओझ हे इथलं रोजचं खाणं. शेजारच्या आजींना मी इथल्या रीतीप्रमाणे नाइनाइ म्हणते. पुढे लिहिलंय ते सगळं त्यांच्या ओट्याशी उभं राहून शिकलेलं.

पोर्क घ्यायचं ते सात भाग मांस आणि तीन भाग चरबी असं. नाइनाइ तयार खिमा आणत नाहीत. अख्खा तुकडा आणून रुंद पात्याच्या सुरीने घरीच बारीक करतात, म्हणजे त्याचा लगदा होत नाही आणि खाताना कण दाताखाली येतो. एकीकडे चमचाभर ह्वाज्याओ कपभर उकळत्या पाण्यात भिजत घातलेले असतात. ह्वाज्याओ हा आपल्या तिरफळाचा जवळचा नातलग, दोन्ही एकाच घराण्यातली झाडं. मी मूळची कुडाळची. बांगड्याच्या आमटीत तिरफळं पडली की घरात जो वास सुटतो, त्याच्या अगदी जवळचा वास मला इथे, समुद्राच्या पार वेगळ्या काठावर, पुन्हा भेटला. या पाण्याने पोर्कचा उग्रपणा जातो. ते पूर्ण गार करून गाळून घ्यायचं, कारण कोमट पाणी पडलं की चरबी सुटायला लागते.

अर्धा किलो खिम्याला आधी मीठ, सोया सॉस आणि पांढरी मिरपूड लावायची. मग ते पाणी दोन-दोन चमचे घालत चॉपस्टिकने एकाच दिशेने ढवळत राहायचं. पहिलं पाणी जिरल्याशिवाय पुढचं घालायचं नाही. मिठामुळे आणि ढवळण्यामुळे मांसातली प्रथिनं चिकट होतात आणि पाणी धरून ठेवतात. असं साधारण सव्वाशे मिलिलिटर पाणी आत जातं. हात भरून येतो, पण शेवटी खिमा भांड्याला चिकटायला लागतो, त्याला चकाकी येते, आणि मग थांबायचं. बारीक चिरलेलं आलं आत्ता घालायचं. पातीचा कांदा अगदी शेवटी, तोही तिळाच्या तेलात घोळवून, म्हणजे त्याला पाणी सुटत नाही. चिनी कोबी घालायची असेल तर ती चिरून, मीठ लावून घट्ट पिळायची. मला स्वतःला बडीशेपेच्या कोवळ्या पाल्याचं सारण सगळ्यांत आवडतं. तिकडे तो पाला सहज मिळायचा नाही, तेव्हा शेपू घाला. पोर्कबरोबर शेपू फार छान लागतो.

पिठाला फार सांगण्यासारखं नाही. अर्धा किलो मैदा, अडीचशे मिलिलिटरला थोडं कमी गार पाणी, चिमूटभर मीठ. घट्ट मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं. लाटण्याची पद्धत मात्र नीट बघण्यासारखी आहे. उजव्या हाताने आखूड, बारीक लाटणं कडेपासून मध्यापर्यंतच न्यायचं आणि डाव्या हाताने पारी थोडी थोडी फिरवत राहायचं. त्यामुळे मध्य जाड राहतो आणि कड पातळ होते. सारणाचं वजन मध्यावर येतं, तर कड मिटताना दुहेरी होते, म्हणून ही रचना. विकतच्या पाऱ्या सगळीकडे सारख्या जाडीच्या असतात. त्या मिटताना कडेला पाण्याचं बोट लावावं लागतं आणि शिजल्यावरही कड चिवट राहते. ताजी पारी नुसत्या चिमटीने बंद होते.

मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळलं की ज्याओझ सोडायचे आणि लगेच डावाच्या पाठीने हलकेच ढकलायचे, म्हणजे तळाला चिकटत नाहीत. इथे सांगतात, उघड्या भांड्यात पारी शिजते, झाकलेल्या भांड्यात सारण. उकळी वर आली की अर्धी वाटी गार पाणी ओतायचं, असं तीनदा. उकळी दबते, पारी फाटत नाही आणि आतल्या मांसाला शिजायला वेळ मिळतो. पोट फुगून वर तरंगले, तरी पहिल्यांदा करताना एक फोडून आतलं मांस शिजलंय ना ते बघाच.

सोबत काळं व्हिनेगर. तिआंजिनजवळच्या दुलिऊ गावचं व्हिनेगर इथे घरोघरी असतं. चांद्र वर्षाच्या शेवटच्या महिन्यातल्या अष्टमीला त्यात लसणाच्या पाकळ्या मुरत घालतात. थंडीत त्या चक्क हिरव्यागार होतात आणि नववर्षाच्या ज्याओझबरोबर ताटात येतात. जेवण झालं की ज्याओझ उकडलेलं पाणी वाटीत घेऊन पितात. ज्या पाण्यात अन्न शिजलं तेच ते पचवतं, असं नाइनाइ मला प्रत्येक वेळी सांगतात आणि वाटी रिकामी होईपर्यंत उठू देत नाहीत.

घरी पोर्क चालत नसेल तर तिआंजिनमध्येच त्याची सोय आहे. नववर्षाला इथली कुटुंबं मुद्दाम बिनमांसाचे ज्याओझ करतात, येणारं वर्ष शांततेत जावं म्हणून. त्यात मुगाचे मोड, कोथिंबीर, मुगाच्या पिठाच्या पारदर्शक पट्ट्या, तिळाची पेस्ट आणि आंबवलेलं लाल टोफू असतं. टोफू सोडलं तर बाकीचं किंवा त्याच्या जवळचं काहीतरी तुमच्या वाण्याकडे मिळेल. टोफूऐवजी थोडं जास्त मीठ घाला आणि मोड कोरडे करूनच वापरा.